येशाभाऊंचं बोट

येशाभाऊंशी बोलायला उभं राहिलं की पहिलं मिनिटभर आपलं बोलणं त्यांच्या कानात जात नाही. ते आपल्या चेहऱ्याकडे बघत असतात. मग दंडाला हलकेच धरून आपल्याला दोन पावलं डावीकडे सरकवतात, मान तिरकी करून पुन्हा बघतात, आणि उजेड नाकाच्या हव्या त्या बाजूला आला की म्हणतात, "हां, आता बोल." पोस्टमन, कोळीण, पाणीपट्टी मागायला आलेला माणूस, सगळ्यांना त्यांनी असं सरकवलेलं मी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत एकांचे वडील वारले तेव्हा भेटायला गेलेल्या येशाभाऊंनी रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला आधी खिडकीपाशी नेलं आणि मग त्याचं सांत्वन केलं. मुलाला वाटलं, भाऊ आपल्याला मोकळ्या हवेत घेऊन आले. भाऊंना विचारलं असतं तर त्यांनीही तसंच सांगितलं असतं, आणि ते खोटं बोलले नसते.

यशवंत भोईर हे नाव फक्त दुकानाच्या पाटीवर. बदलापूर गाव त्यांना येशाभाऊ म्हणतं, मी काका म्हणते. खाली फोटो स्टुडिओ, वर घर, आणि स्टुडिओच्या भिंतीला भिंत लावून आमची खोली. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. आम्ही बाहेरून आलेले भाडेकरू, ते मूळचे गावातले, शेतीवाले. पण काकांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: फोटोत डोळे मिटणारे आणि न मिटणारे. माझे वडील पहिल्या जातीतले.

हे मला कळलं ते माझ्या पदवीच्या फोटोच्या वेळी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पदवीदान समारंभाला मी गेले नाही, कारण त्या दिवशी मला नोकरीची मुलाखत होती. काकांनी सांगितलं, त्यात काय, पदवी आपल्याकडे आहे. त्यांच्या कपाटात एक काळा डगला होता. उल्हासनगरच्या एका शिंप्याकडून त्यांनी तो शिवून घेतला होता आणि टोपी पुठ्ठ्याची स्वतः केली होती. बदलापूर गावातले निम्मे पदवीधर त्या एकाच डगल्यात पदवीधर झाले आहेत. डॉक्टर, वकील, बी.कॉम., सगळ्यांचे खांदे त्यात सारखेच पडलेले दिसतात.

मला डगला घालून उभं केलं, आईला एका बाजूला, वडिलांना दुसऱ्या. काका म्हणाले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा. वडिलांनी ठेवला, पण भिंतीवर रंग ओला आहे की वाळला ते बघावं तसा. काका कॅमेऱ्यामागे गेले आणि थांबले. मग बाहेर येऊन त्यांनी वडिलांना कारखान्याची बस हल्ली किती वाजता येते ते विचारलं. पुन्हा मागे गेले. गावाकडच्या पावसाचं विचारलं. चहा मागवला, तो आम्ही डगल्यासकट प्यालो. असा अर्धा तास गेला असेल. वडील बोलता बोलता विसरले, त्यांची बोटं माझ्या खांद्यावर सैल पडली, आणि तेवढ्यात खट्ट झालं. एकच फोटो. दुसरा काढलाच नाही. तो आमच्या भिंतीवर आहे. त्यात वडिलांचे डोळे उघडे आहेत, हे आई अजून पाहुण्यांना दाखवते.

काकांची सगळी विद्या त्या उजव्या हाताच्या तर्जनीत होती. समोरचं माणूस ज्या क्षणी स्वतःला विसरतं त्या क्षणी ते बोट खाली जायचं. डोक्याला विचारायला थांबायचं नाही. मला ते बोट तेव्हा चमत्कारासारखं वाटायचं. पुढे त्याच बोटानं त्यांना रडवलं.

त्याची सुरुवात चांगुणामावशीपासून झाली. मावशी म्हणजे काकांच्या आईची लांबची बहीण आणि गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतात ते नंतर. आधी मांडवात धवलारीण बसते आणि एकेका देवाला, एकेका थोरामोठ्याला नाव घेऊन गाण्यातून लग्नाला बोलावते. त्या गाण्याला धवला म्हणतात. पूर्वी आसपास अशा दोघीतिघी होत्या, आता मावशी एकटीच उरली होती. तिचे धवले कुठे लिहिलेले नव्हते. सुना नोकरीवाल्या, नाती मोबाइलवाल्या. जे होतं ते तिच्या गळ्यात.

एका लग्नघरी लग्नाची सीडी बघायला शेजारपाजाऱ्यांना बोलावलं होतं. मीही होते. टीव्हीवर मांडव दिसला, मांडवात मावशी दिसली, तिनं तोंड उघडलं, आणि त्यातून सिनेमातल्या एका कोवळ्या पोरीचा आवाज आला. व्हिडीओवाल्यानं तिथला गोंगाट काढून वरून गाणं टाकलं होतं. पोरीचा आवाज प्रेमात पडत होता आणि मावशीचे दात नसलेले ओठ हलत होते. सगळं घर हसून लोळलं. मावशी सर्वांत जास्त हसली.

"येशा, माझा आवाज बरा नाजूक झालाय रं," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत, अगदी सहज, "तुझ्या फोटवात त तवरा आवाज बी नाय."

काका हसत होते ते थांबले.

घरी येऊन त्यांनी जुने अल्बम आणि खोकी काढली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा टेबलभर मावशी पसरलेली होती. तीस वर्षांतली मावशी, काळ्या केसांची, पिकल्या केसांची, दातांची, बिनदातांची. प्रत्येक फोटोत तिचं तोंड उघडं होतं. काका म्हणाले, "मी मुद्दाम थांबायचो गं. तोंड उघडलं की फोटोत जीव येतो."  मी त्यांना फोनवर रेकॉर्ड करायला सुचवलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी मावशीचं जेवण वर्तमानपत्राच्या कागदावर वाढा म्हणाले.

त्याच आठवड्यात ते उल्हासनगरला नंदूशेठकडे गेले. नंदूशेठ सिंधी, कॅमेऱ्यांचे जुने व्यापारी. त्यांनी काकांचा जुना कॅमेरा ठेवून घेतला आणि नवा, मिररलेस, हातात दिला. आत आरसा नाही हे ऐकून काका हबकले. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधी आरशात बघतं, मग कॅमेऱ्यात, आणि तुम्ही आरसाच काढून टाकला, अशी त्यांनी तक्रार केली म्हणे. व्हिडीओचं बटण छोटं आणि कोपऱ्यात होतं. काकांच्या जाड बोटाला ते सापडेना. तेव्हा नंदूशेठनी सेटिंग बदलून दिलं आणि ज्या बटणानं फोटो निघतो त्याच बटणावर व्हिडीओ आणून ठेवला.

"साईं, डरो मत. एकदा दाबला, चालू. परत दाबला, बंद. पंखे का स्विच समझो," नंदूशेठ म्हणाले. हे त्यांनी भलं म्हणूनच केलं.

कॅमेऱ्याबरोबर इंग्रजी पुस्तिका आली आणि ती घेऊन काका माझ्याकडे आले. मी तोवर अंबरनाथच्या एका शाळेत शिकवू लागले होते. इतिहास शिकवते, पण काकांच्या मते बी.ए. म्हणजे बी.ए., तिला सगळं आलं पाहिजे. महिनाभर रोज संध्याकाळी मी शब्दकोश शेजारी ठेवून त्यांना वाचून दाखवत होते. एके दिवशी आम्ही फ्रेम रेटपाशी आलो. मी समजावलं, व्हिडीओ म्हणजे खरं तर फोटोच असतात काका, एका सेकंदात पंचवीस.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "पंचवीस? एका सेकंदात?"

"हो."

"मग त्यातला चांगला कुठला?"

मी म्हणाले, सगळेच. काकांना ते पटलं नाही. पंचवीस फोटो काढणारा माणूस फोटोग्राफर नसतो, घाबरलेला असतो, असं त्यांचं मत पडलं. पण ते वहीत लिहून घेतलं. वहीवर त्यांनी 'हलते फोटो' असं नाव घातलं होतं.

पहिला प्रयोग माझ्या आईवडिलांवर झाला. दोघांना दारात उभं केलं, काकांनी बटण दाबलं आणि सवयीनं म्हणाले, "हलू नका." आईवडील हलले नाहीत. काकाही हलले नाहीत. मी मधे बोलले तर आवाज येईल म्हणून मीही गप्प. त्या चित्रफितीत सव्वा मिनिट माझे वडील श्वास रोखून उभे आहेत आणि हळूहळू त्यांचा रंग बदलतो आहे. शेवटी मागून मांजर जातं, तेवढीच हालचाल. दुसरा प्रयोग बारवी धरणावर, एका जोडप्याच्या लग्नाआधीच्या शूटिंगला. मुलगा उंच होता. उंच माणूस आला की कॅमेरा उभा धरायचा हे काकांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी व्हिडीओ चालू असताना मधेच कॅमेरा उभा केला. घरी बघितलं तेव्हा धरणाचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं होतं आणि नवरानवरी एका बाजूला आडवे होऊन एकमेकांकडे हसत बघत होते. त्या मुलीला तो भाग इतका आवडला की तिनं तो सगळ्यांना पाठवला. काकांना मात्र पंधरा दिवस धरणाचं नाव काढलेलं चालत नव्हतं.

असे एकटे काकाच नव्हते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्ही गावांतले जुने फोटोग्राफर त्याच वाटेवर लागले होते, कारण गिऱ्हाईक आता पहिला प्रश्न 'सिनेमॅटिक करता का' असा विचारत होतं. अंबरनाथला एका हॉलमध्ये त्यांच्यासाठी एक दिवसाचं शिबिर भरलं. पुस्तिकेची दुभाषी म्हणून काकांनी मलाही नेलं. शिकवणारा तरुण मुंबईहून आला होता. त्यानं सांगितलं, कॅमेरा घेऊन चालताना गुडघे वाकवायचे, टाच आधी टेकवायची, हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा टोप आहे असं समजायचं. मग पन्नाशी ओलांडलेले पंधरावीस गृहस्थ गळ्यात नवेकोरे कॅमेरे अडकवून, गुडघ्यात वाकून, त्या हॉलमध्ये गोल गोल फिरू लागले. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकानं आयुष्यभर दुसऱ्यांना उभं कसं राहायचं ते सांगितलेलं, आणि आता चालायला शिकत होते. मला हसू आलं आणि मग आलं नाही. काकांनी तो सराव गल्लीत चालू ठेवला. लोकांनी गुडघ्यांची चौकशी केली. एकीनं तेल आणून दिलं. रंजनाकाकू, म्हणजे काकांची बायको, खिडकीतून विचारायची, टोपातलं पाणी सांडलं का. काका खालून गंभीरपणे सांगायचे, आज थोडं सांडलं.

मग वांगणीला एका नातलगाकडे लग्न निघालं आणि मावशीला धवल्याला बोलावणं आलं. काकांनी ते लग्न कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. मावशी खोकत होती. हिवाळाभर तिचा घसा बसलेला होता आणि डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. काका आधी तिच्या घरी जाऊन म्हणाले होते की दुकानात ये, पंखा बंद ठेवतो, दार लावून घेतो, निवांत गा. ती म्हणाली, "आन नवरी कुठं हाय तुझ्या दुकानात? देव बोलवायचे न् लगीन नाय. मंग आलेल्या देवांना काय सांगू, चा पिऊन जा?" तेव्हा धवला मिळायचा तर मांडवातच, आणि एकदाच. पुन्हा गा म्हणता येणार नव्हतं.

वांगणीहून काका परतले ते उड्या मारायचे बाकी होते. आम्हा सगळ्यांना दुकानात बोलावलं, त्यांची मुलगी मानसी ऑफिसातून आली ती तशीच पर्स घेऊन बसली, मावशीला खास गादीची खुर्ची दिली. संगणकाच्या पडद्यावर मांडव आला. मावशी पाटावर बसली, घसा खाकरला, हळदीनं माखलेल्या नवऱ्या मुलाकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला, ओठ उघडले.

पडदा काळा झाला.

काकांना वाटलं, संगणक अडकला. त्यांनी पुढची फीत लावली. तिच्यात जमीन होती. जमीन हलत होती, मग काकांच्या चपला आल्या, मग पत्रावळींची रांग, खुर्चीचा पाय, आणि मग भाकरीचा तुकडा रश्शात बुडवल्याचा स्वच्छ आवाज. वीस मिनिटं. आणि त्या वीस मिनिटांत कुठेतरी काकांचा आवाज, जेवता जेवता शेजाऱ्याला सांगणारा, "आज मावशीचा आवाज धरला बघ. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

काय झालं ते आधी मानसीला कळलं. काकांनी व्हिडीओ वेळेवर चालू केला होता. पण मावशीनं तोंड उघडलं तो क्षण आला आणि तीस वर्षांच्या सवयीनं बोट खाली गेलं. त्या दाबण्यानं व्हिडीओ बंद पडला. मग एकदा चालू केलं की हात लावायचा नाही, हे शिबिरातलं वाक्य आठवून काका अख्खा धवला संपेपर्यंत कॅमेऱ्याला न शिवता पुतळ्यासारखे उभे राहिले. धवला संपल्यावर बंद करण्यासाठी बटण दाबलं, तेव्हा तो चालू झाला.

 रंजनाकाकूनं सावरायचा प्रयत्न केला. म्हणाली, भाकरीचा आवाज मात्र फार छान आलाय. एरवी काकांनी यावर टाळी दिली असती. ते उठले, मावशीला हात धरून घरी पोचवून आले आणि मग वर जाऊन झोपले. मावशी जाताना एवढंच म्हणाली की वाईट वाटून घेऊ नको, माझा धवला देवांसाठी होता, त्यांनी ऐकला.

पण काकांनी वाईट वाटून घेतलं. त्यांनी नंदूशेठकडून ते सेटिंग बदलून आणलं, तर आता छोटं बटण सापडेना. बोटाला चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. डाव्या हातानं प्रयत्न केला. रस्त्यावरच्या रहदारीचे, गाईंचे, माझ्या आईच्या पापडांचे व्हिडीओ काढले, आणि प्रत्येक फीत पापड उलटायच्या आधी थांबत होती. पापड उलटतानाचा नेमका क्षण मात्र फोटोत सुरेख आला होता. मला तेव्हा त्यांच्या बोटाकडे बघवत नसे. त्याच बोटानं माझ्या वडिलांचे डोळे उघडे धरले होते.

मानसीचं लग्न ठरलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. मुलगा उल्हासनगरच्या एका कंपनीत इंजिनिअर, माणसं चांगली. लग्न हॉलमध्ये, पण मांडव आणि हळद घरी, आणि मांडवाला धवला, हे मानसीनं स्वतः सासरच्यांना सांगितलं. डी.जे.वाला तिचाच आतेभाऊ होता. त्यालाही तिनं बजावलं की मावशी गात असेपर्यंत स्पीकरची वायर माझ्या हातात राहील. हे सगळं ती बापासाठी करत होती. मावशीचा घसा आता दिवसाआड जाऊ लागला होता आणि दुसरं लग्न कधी निघेल याचा भरवसा नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काका कॅमेऱ्याची तयारी करू लागले तेव्हा मानसीनं त्यांना थांबवलं. "पप्पा, एक काय ते ठरवा. कॅमेरा धरा, नाहीतर बाप व्हा. मांडवात आईशेजारी तुम्ही लागता."

काकांनी दुसरा फोटोग्राफर ठेवायचा विचार केला. यादीतल्या एकेकाचं नाव घेतलं आणि एकेक खोडलं. म्हणाले, सगळ्यांचं बोट माझ्यासारखंच आहे. मला कॅमेरा धरायला सांगता आलं असतं, पण मी लग्नघरात काम करणार होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना माझ्याही बोटाचा भरवसा नव्हता. शेवटी ठरलं की कॅमेरा तिपाईवर लावायचा, चालू करायचा आणि सोडून द्यायचा. काकांसाठी हे लेकीची पाठवणी करण्याइतकंच अवघड होतं, आणि दोन्ही एकाच आठवड्यात आलं.

मांडवाच्या दिवशी सकाळी त्यांनी खडूनं जमिनीवर खूण केली. मावशीनं इथं बसायचं. तिथला उजेड त्यांनी तीन दिवस बघून ठेवला होता. नऊच्या सुमाराला मावशी आली, तिनं खडूची खूण पाहिली, कुणाच्या तरी पोराचा खेळ असावा असं समजून पायानं पुसली, आणि आयुष्यभर जिथं बसत आली तिथं, मुहूर्तमेढीच्या बुडाशी जाऊन टेकली. काका तोवर काकूशेजारी पाटावर बसले होते. कॅमेरा चालू होता. पूजेला बसल्यावर उठायचं नसतं.

मी तिपाईजवळ उभी होते. कॅमेऱ्याच्या पडद्यात मावशीचा अर्धाच चेहरा येत होता. उरलेल्या जागेत एका मामांची पांढऱ्या शर्टातली पाठ. मी काकांकडे पाहिलं आणि हातानं विचारलं, सरकवू का? त्यांना तिथूनही सगळं कळलं होतं. मला वाटलं ते हो म्हणतील. ज्या माणसानं पाणीपट्टीवाल्यालासुद्धा कधी चुकीच्या उजेडात उभं राहू दिलं नाही, त्या माणसानं मान हलवून नाही म्हटलं.

मावशी गाऊ लागली. सुरुवातीला आवाज खरखरीत होता, दोनदा खोकला आला. मग तो कुठून तरी खालून वर चढला. त्यात गोडवा नव्हता. लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना येतो तसा तो ताण होता. एकेक देव नावानं येत होता, एकेक गेलेलं माणूस नावानं येत होतं. काकांच्या आईचं नाव आलं तेव्हा मावशी तिच्याकडे बघून गावं तशी समोर बघून गायली, आणि माझी नजर काकांच्या हाताकडे गेली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. तर्जनी धोतरावर दाबली जात होती आणि उठत होती. मावशीचा हात वर गेला, दाबली. मानसीच्या डोळ्यांत पाणी आलं, दाबली. तीस वर्षांचं बोट, ते कुणाचं ऐकणार. एकदा तर काकांचं अख्खं अंग उठायच्या बेतात पुढे झालं. रंजनाकाकूनं समोर बघत बघतच आपला हळदीचा हात त्या बोटावर ठेवला आणि धवला संपेपर्यंत तसाच ठेवला.

चाळीस मिनिटं. फीत पूर्ण आली. फोटोग्राफीच्या हिशेबानं तिच्यात एकही गोष्ट धड नाही. मावशी अर्धी, मामांची पाठ पूर्ण, उजेड उलटा, खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी पिशवी धरलेलं मनगट. अशा फोटोचे काका तुकडे करून टाकायचे, गिऱ्हाइकानं मागितला तरी देत नसत. ही फीत त्यांनी तीन ठिकाणी ठेवली, एक प्रत माझ्याकडेही दिली आणि सांगितलं की तू शिकलेली आहेस, सांभाळशील. मला पदवीदानाला जायला मिळालं नाही याची मला तेव्हा प्रथमच पुरती भरपाई झाल्यासारखं वाटलं.

मानसी सासरी गेल्यावर आठवडाभरानं काकांनी मावशीला दुकानात आणलं. तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. उभ्या आयुष्यात तिनं स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला नव्हता. ती डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होती. काका समोर स्टुलावर, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे. मधे चहा आला, तो गार झाला. चाळीस मिनिटांनी तिनं हेडफोन काढले आणि नाही नाही अशी मान हलवली.

"मावशी, चुकला का काय?" काकांनी विचारलं.

"तुझा नाय. माझा चुकला," ती म्हणाली. "येशा, वेशीवरचा देव र्‍हायला की रं बोलवायचा. सगले आले, तो बिचारा भायेर उभा."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती. गाताना खोकला आला तिथं एक कडवं सुटलं होतं, आणि गाणाऱ्याला ते गाताना कळत नाही, ऐकताना कळतं. काकांनी धीर देण्यासाठी सांगितलं की एका देवानं काय होतं, एवढं सगळं आलंय. ती म्हणाली, असा अर्धा धवला पोरींनी उद्या यातून शिकला तर त्या देवाला जन्मभर कुणी बोलावणार नाही. ते तिला चालणार नव्हतं. आणि लग्नाशिवाय गायचं तर तेही तिला चालणार नव्हतं. तेव्हा आता लग्न हवं होतं, कुणाचंही, लवकर.

परवा रविवारी सकाळी मी दूध घेऊन येताना ती दोघं दिसली. काकांची स्कूटर गावाच्या रस्त्यानं वांगणीकडे निघाली होती. मागे मावशी बसली होती, हिरव्या लुगड्यात, गळ्याला मफलर, मांडीवर आडवी तिपाई धरून. काकांनी स्कूटर थांबवली. एका नातलगाच्या मुलासाठी मुलगी बघायला चाललो आहोत, असं त्यांनी सांगितलं. मुलगा कुठे आहे म्हणून मी विचारलं. तो कामावर गेलाय, काका म्हणाले, त्याला अजून सांगितलेलं नाही. मावशीनं मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसलं आणि म्हणाली, गप्पा पुरे, मुलीची आई दहापर्यंतच घरी असते. स्कूटर निघाली. वळणावर तिपाईचा एक पाय आपोआप लांब झाला आणि समोरून येणारा रिक्षावाला, काय ते न कळून, बाजूला झाला.